विहिरीला कठडा नाही

बापाच्या खांद्यावर शाल पडली आणि मिनाच्या डोक्यात तिडीक गेली. सेनगावच्या कॉलेजच्या हॉलमध्ये, व्यासपीठावर, रतनसिंग हात जोडून असा उभा होता की बघणाऱ्याला वाटावं, याच्या पोरीने कुठलं तरी मोठं बक्षीस मारलंय. शेजारी तांड्याचा नायक फुलसिंग. त्यालाही शाल, त्यालाही नारळ. फोटोवाला "जरा हसा की" म्हणाला आणि दोघंही दात दाखवून हसले.

हेच दोघं परवा, सोमवारी, मिनाला जीपमध्ये घालून सासरी सोडून येणार होते. जीपवाल्याला सांगूनसुद्धा झालं होतं. मिना होळीपासून नाही म्हणत होती, पण तिचं नाही कोणी हिशेबातच धरत नव्हतं.

व्यासपीठाच्या मागे बॅनर होता. 'एक ढावलो, चार वाचनं : समीक्षेच्या विविध पद्धती.' त्याखाली मिनाचं नाव आणि कोपऱ्यात शिंगं रंगवलेला बैल. बैल कशाला, ते बॅनर करणाऱ्यालाच ठाऊक.

ढावलो म्हणजे बंजारा नवरीने रडत गायचं गाणं. पोरगी सासरी निघाली की आई, बाप, भाऊ, काकी, शेजारीण, एकेकाच्या गळ्यात पडते आणि सुरात रडते. म्हाताऱ्या बाया सूर शिकवतात, हुंदका कुठं घ्यायचा ते शिकवतात. शब्द मात्र जिचे तिने जुळवायचे. आणि त्या वेळी तिला सगळी मुभा असते. बापाला कसाई म्हणाली तरी चालतं, भावाला दगड म्हणाली तरी चालतं, कोणी मनाला लावून घेत नाही. एरवी बापापुढे लेकीने सासरच्या गोष्टी काढायच्या नसतात. मिनाने ती मुभा खरी धरली, इथंच तिचं चुकलं. बोलायची मोकळीक आहे म्हणजे ऐकणारंही कोणीतरी असणार, असं तिला वाटलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिच्या कानावर एक गोष्ट आली होती. शिरड शहापूरच्या पलीकडच्या ज्या तांड्यात तिला दिली होती, तिथंच तिची एक मावसबहीण नांदत होती. ती हळद लावता लावता कानाशी लागली. मिनाच्या होणाऱ्या नवऱ्याची थोरली भावजय, पेमा, पाण्याला गेली आणि पाय घसरून विहिरीत पडली, असं सोयरीक जमवताना सगळ्यांना सांगितलं होतं. मावसबहीण म्हणाली, "पाय घसरला न्हाई. तिच्या नवऱ्यानं, भावसिंगनं, ढकललं. अख्ख्या तांड्याला ठाऊक हाय, बोलत कोणी न्हाई." मंडप उभा राहिला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. मग दुसऱ्या दिवशी, निघायच्या वेळी, मिनाने बापाच्या गळ्यात पडून तेच सांगितलं. ढावलोत सांगितलं, कारण दुसरीकडे कुठं सांगायची सोयच नव्हती.

बायांनी डोळ्यांना पदर लावले. पोरांनी मोबाइल वर धरले. रतनसिंग तर लहान लेकरासारखा रडला. आणि तिला गाडीत बसवल्यावर नातेवाइकांना सांगत सुटला, "लई चांगली रडली माझी पोरगी. औंदा अशी कोणतीच पोरगी रडली न्हाई."

पुढे तुरीच्या काढणीत एके दिवशी भावसिंगने मिनाचं मनगट धरून तिला त्या विहिरीच्या काठावर नेलं. तिने जेवण उशिरा आणलं म्हणून काही बोलणं झालं होतं, त्यावर तिने उलट उत्तर दिलं होतं. त्याने तिची मान धरून खाली पाण्याकडे वळवली. "पेमा बी लई बोलायची," एवढंच म्हणाला. तिचा नवरा रणजीत बांधावर उभा होता. तो तंबाखू मळत राहिला.

होळीला माहेरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. भिकाबाई चुलीपाशी भाकऱ्या थापत ऐकत होती. मग म्हणाली, "सासर असंच असतंय, बाई." नवऱ्याच्या कानावर घालताना तिने एवढंच घातलं की पोरीला तिथं करमत नाही. मिनाने स्वतः बापापुढे तोंड उघडून पाहिलं. "बापू, ती विहीर..." एवढं म्हणेपर्यंत रतनसिंग उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. मग त्याने नायकाला विचारलं. नायकाने निवाडा दिला, "लगीन लागताना काई बोलली का? न्हाई ना? मंग आता कायची कुरकूर? सोमवारी सोडून येऊ."

काई बोलली का, म्हणे! मिनाला तेव्हा चूल उचलून त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली होती.

तेवढ्यात अंजली मॅडमचा फोन आला. मॅडम कॉलेजात मराठी शिकवत. मिना त्यांच्याकडे बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती, मग लग्न झालं. मॅडम लग्नाला आल्या होत्या, ढावलो त्यांनी मोबाइलवर घेतला होता आणि गोरमाटी बोलीतून मराठीत उतरवला होता. आता शनिवारी त्याच्यावर चर्चासत्र होतं. मोठमोठे प्राध्यापक त्याचा अर्थ सांगणार होते. मॅडम म्हणाल्या, "वडिलांना घेऊन ये. त्यांचा सत्कार करू. तू फक्त गा."

मिनाला हायसं वाटलं. चार शिकलेली माणसं माइकवरून अर्थ सांगणार, आणि बाप पहिल्या रांगेत बसून ऐकणार. लेकीच्या तोंडून जे त्याला ऐकायचं नव्हतं, ते सरांच्या तोंडून तरी ऐकेल. मॅडम वर्गात नेहमी म्हणायच्या, कविता नीट वाचली की माणूस नीट कळतो. त्या भरवशावर ती आली. बाप आणि नायक शालीच्या भरवशावर आले.

सत्कार आटोपला. रतनसिंग आणि फुलसिंग शाली सांभाळत पहिल्या रांगेत बसले. मिनाला व्यासपीठाच्या कडेला खुर्ची दिली. सगळ्यांच्या हातात छापील कागद होता. त्यावर मॅडमनी उतरवलेल्या ओळी होत्या.

बापू, त्या घरच्या विहिरीला कठडा नाही
थोरली सून पाण्याला गेली, घागर परत आली
घागर आली बापू, सून आली नाही
त्या पाण्यावर मला धाडू नको

मिनाने कागद वाचला आणि तिचं मन शांत झालं. मॅडमनी एक अक्षर इकडचं तिकडं केलं नव्हतं. सगळं तिथं होतं. ज्याला वाचता येतं त्याला कळायला काहीच हरकत नव्हती. तिने बापाकडे नजर लावली.

पहिले उठले विभागप्रमुख संपतराव सर. पांढरे केस, भारदस्त आवाज. "समीक्षकानं संहितेच्या बाहेर पाऊल टाकू नये," ते म्हणाले. "ही विहीर कुठली, ही सून कोण, हे विचारणं म्हणजे रसभंग. आपल्यासमोर फक्त शब्द आहेत. पाहा, 'आली' हा शब्द कसा परतून येतो. घागर परत आली. घागर आली. सून आली नाही. दोनदा होकार, मग नकार. काय घडण आहे! ही पोर शिकली किती, मला माहीत नाही, पण ही कारागिरी आहे." टाळ्या पडल्या. रतनसिंगने नायकाला कोपराने ढोसलं आणि मान डोलावली. पोरीची तारीफ होत होती, एवढं त्याला कळलं.

कारागिरी! मिनाने हातातला कागद पुन्हा वाचला. सून आली नाही असं ती म्हणाली, कारण सून आली नव्हती. यात तिने काय घडवलं होतं?

दुसरे पाहुणे परभणीकडून आले होते. गळ्यात खादीची पिशवी. ते तावातावाने बोलत होते आणि पहिल्याच वाक्याला मिना खुर्चीत पुढे सरकली. कारण ते म्हणाले, "संपतराव विचारू नका म्हणतात, पण मी विचारणार. ही विहीर कोणाची? मालकी कोणाची?"

भावसिंगची, हे तिच्या अगदी जिभेवर आलं. आता निघालं, आता हा माणूस नाव घेईल. तिने बापाकडे पाहिलं, बापही कान देऊन ऐकत होता.

पाहुण्यांनी टेबलावर हात आपटला. "सरंजामी व्यवस्थेची! पाणी म्हणजे उत्पादनाचं साधन. सून म्हणजे फुकट राबणारे हात. हात हरवला तरी चालतो, घागर परत आली पाहिजे. कारण घागर ही मालमत्ता आहे." मग ते निजामाच्या काळात गेले, तिथून जागतिक भांडवलात गेले, आणि विहीर मागेच राहिली. त्यांचं खोटं नव्हतं. भावसिंगच्या घरात घागरीला सुनेपेक्षा जास्त किंमत होती, हे मिनाला कोणी शिकवायला नको होतं. पण रतनसिंगला या माणसाच्या बोलण्यातून काय कळणार? सरंजामी व्यवस्थेकडे नेणारी जीप थोडीच होती सोमवारी? ती भावसिंगच्या दारात जाणार होती. रतनसिंगने हळूच जांभई दिली.

तिसरा तरुण होता, रामप्रसाद नावाचा, नुकताच डॉक्टरेट झालेला. तो मनाच्या तळाविषयी बोलला. विहीर म्हणजे गर्भाशय. पाणी म्हणजे आई. बापाच्या गळ्यात पडलेली मुलगी बापापासून तुटायला तयार नाही, म्हणून ती स्वतःसाठी एक बुडालेली बाई कल्पिते. मागच्या बाकावरची पोरं खुसखुसली. रामप्रसाद थांबला नाही. चष्मा वर सरकवून म्हणाला, "नायिकेला बुडण्याची भीती वाटते, असं वरवर दिसतं. पण खोलात गेलं तर तिला बुडायचंच आहे."

मिनाचे कान तापले. पेमाबद्दल कोणी खोदून विचारलं की भावसिंग अगदी हेच सांगायचा. "पाय घसरला म्हणतो आपण. पण खरं सांगू का, तिच्या मनातच होतं." तेच वाक्य हा गोरा, चष्मेवाला पोरगा वीस पुस्तकं वाचून घेऊन आला होता. भावसिंगला तर एकही वाचावं लागलं नव्हतं. मिनाने खुर्चीची कड इतकी घट्ट धरली की तिची बांगडी फुटली, आणि काच मनगटात रुतली.

आता मॅडम राहिल्या होत्या. मिनाची सगळी आशा मॅडमवर. अंजली मॅडम माइकपाशी आल्या, तिच्याकडे बघून मायेने हसल्या. त्यांनी सुरुवातच अशी केली की मिनाचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "आतापर्यंत तीन पुरुष बोलले. तिघांनी बाईचं दुःख सोडून बाकी सगळं पाहिलं." त्यांनी कागद वर धरला. "या ओळींत एक बाई जीव वाचवायला हाक मारते आहे. बापाला हाक मारते आहे."

रतनसिंग सावरून बसला.

"पण ही हाक एकट्या मिनाची नाही," मॅडम म्हणाल्या. त्या अगदी मनापासून बोलत होत्या. "ही विहीर एका तांड्यातली नाही. शतकानुशतकं प्रत्येक सासरी ही विहीर आहे. प्रत्येक बाई तिच्या काठावर उभी आहे. मीसुद्धा आहे." पुढच्या रांगेतल्या दोन बायांनी रुमाल काढले. टाळ्या थांबेनात. रतनसिंगनेही वाजवल्या, शाल घसरू न देता. आणि फुलसिंग नायक त्याच्याकडे झुकून म्हणाला, ते मिनाला वर ऐकू आलं, "बघ, मॅडम बी तेच म्हणून राहिली. सगळ्याच बायांचं असं असतंय."

मिनाला वाटलं, मॅडमनी आपल्याला हाताला धरून पार दारापर्यंत आणलं आणि दार आतून लावून घेतलं. प्रत्येकीची विहीर म्हणजे कोणाचीच नाही. प्रत्येक बाईसाठी कोणता बाप जीप थांबवणार? आईनेही चुलीपाशी हेच म्हटलं होतं, फक्त तिला टाळ्या मिळाल्या नव्हत्या. मिनाला मॅडमचा जेवढा राग आला, तेवढा त्या तिघांचा आला नाही. ते तर परके होते.

"आणि आता," संपतराव सर म्हणाले, "ज्या क्षणाची आपण वाट पाहत होतो. मिनाताई स्वतः ढावलो सादर करतील."

ती उठली. माइक तिच्या तोंडाला उंच होता, कोणीतरी तो वाकवला. खाली मोबाइल वर झाले, लग्नातल्यासारखेच. बाप वर बघत होता, कौतुकाने, ओठ आधीच थरथरत होते. तो रडायच्या तयारीत होता.

तिने सूर लावलाच नाही.

"ती विहीर भावसिंगच्या शेतात हाय," ती म्हणाली. बाजारात भाव सांगावा तशा आवाजात. "घराकून खाली उतरलं की तुरीचं रान, त्याच्या कडंला. कठडा न्हाई. भावसिंग माझा जेठ. पेमा त्याची बायको, माझी जाऊ. तिला त्यानं ढकललं. हे मला लग्नाच्या आदल्या दिवशी कळालं. मी बापूच्या गळ्यात पडून सांगितलं. तुरीच्या टायमाला त्यानं मला बी काठावर नेलं, मान दाबली, आन पेमाचं नाव घेतलं. माझा नवरा बघत उभा होता. परवा मला तिथंच धाडून राहिले. मी जात न्हाई."

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, आणि एकाची ऐकून सगळ्या हॉलने. संपतराव सर हसतमुखाने माइकजवळ झुकले. "वा! काय प्रभावी निवेदन! गाण्याआधी अशी कोरडी पार्श्वभूमी... हं, आता गा, बाळा."

"टाळ्या काहून वाजवून राहिले?" मिना ओरडली. माइक कर्कश किंचाळला. "काई सादर केलं का मी? मी गाणं म्हणलं का? गाणं म्हणलं तर तुमाला ऐकू येत न्हाई, बोललं तर टाळ्या वाजवता! माणसानं करावं तरी काय? विहिरीत पडून दाखवू?"

आता मात्र टाळ्या थांबल्या. रामप्रसादने चष्मा काढून हातात घेतला. फुलसिंग नायक उठला. "मिना, खाली उतर. घरचं घरात. चार लोकांत अब्रू काढून राहिली का बापाची?"

रतनसिंग बसूनच होता. त्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, तरी पाहिलं. मग मान वर केली. "हे तू लग्नातच सांगितलं व्हतं?"

"व्हय."

"हेच? विहिरीचं? पेमाचं?"

"हेच. तुझ्या गळ्यात पडून. तुझं मुंडासं भिजलं, इतकं सांगितलं. तू काय समजला, बापू?"

रतनसिंगने कागद खाली ठेवला आणि उत्तर दिलं. सगळ्या हॉलने ते ऐकलं.

"मी समजलो, चांगली रडून राहिली."

त्याने खांद्यावरची शाल काढली. तिची नीट घडी घातली, नारळ तिच्यावर ठेवला आणि दोन्ही खुर्चीवर ठेवून उभा राहिला. "नायक, जीपवाल्याला न्हाई म्हणून सांग. पोरगी जात न्हाई."

"अरे, पण मी शब्द देऊन बसलो त्यांना..."

"तुझा शब्द तू बघ."

मिना व्यासपीठावरून उतरली आणि कोणाकडे न बघता बाहेर पडली. पायऱ्यांवर मॅडमनी तिला गाठलं. त्यांना धाप लागली होती, चेहरा उतरला होता. "मिना, खरंच सांगते, मला माहीत नव्हतं गं."

"माहीत कसं न्हाई, मॅडम?" मिना म्हणाली. "तुमीच तर लिहून घेतलं. एक शब्द बी चुकला न्हाई तुमचा."

पुढचं ऐकायला ती थांबली नाही.

रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. सोयाबीनच्या आडतीसमोर जीपा लागल्या होत्या, पोरं गावांची नावं ओरडत होती. रतनसिंग मागून आला आणि तिच्यापासून दोन हात लांब उभा राहिला. तिने मान वळवली नाही. बापाने शाल ठेवली म्हणून तिचा राग उतरावा, इतका तो स्वस्त नव्हता. आठ-नऊ महिने ती त्या घरात झोपली होती, आणि इकडे हा लोकांना सांगत फिरत होता की पोरगी चांगली रडली.

मग त्याने विचारलं, "त्या पेमाचं माहेर कोणतं?"

"काहून?"

"सांग तर."

"नरसीच्या पुढचा तांडा. बाप हाय म्हणत्यात तिचा अजून."

रतनसिंगने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "तिनं बी ढावलोत काई म्हणलं असंल," तो म्हणाला. "त्यो बी ऐकून बसला असंल, माझ्यासारखा."

मग तो तांड्याकडची जीप सोडून नरसीच्या जीपकडे चालू लागला. मिना जरा वेळ जागची हलली नाही. मग तीही गेली. आत गर्दी होती, बापाने बाजूला सरकून तिला खिडकीची जागा दिली. जीप सुरू झाली, सेनगाव मागे पडलं. त्याने तिच्याकडे न बघताच म्हटलं, "तिच्या बापाला सांगावं लागंल. पयलं मला सांग, सुरुवातीपासून. गाऊ नको. नुसतं सांग."

तिचा राग तसाच होता. त्या रागातच तिने सांगायला सुरुवात केली.